रतनपूरचे राजे बिंबाजी भोसले

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला सातवीतील एका मुलाने उभे राहून मला विचारले, की मराठे या प्रदेशात लूट करण्यासाठीच आले होते, हे खरे आहे का? त्याच्या घराशेजारच्या छत्तीसगढी मित्राने त्याला तसे सांगितले होते. मुलाच्या स्वरात भांडण नव्हते. आपण ज्या मातीत जन्मलो तेथे आपली माणसे कोणत्या नात्याने आली, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. त्या दिवशी मी पाठ्यपुस्तकातील दोन वाक्ये सांगून तास पुढे नेला. शिक्षकाच्या आयुष्यात अशी काही उत्तरे उधार राहतात. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांपैकी एक उधारी फेडावी, असे मनात आले.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील किंवा आजी-आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे आणि पुढे हथखोजच्या लहानमोठ्या कारखान्यांमुळे येथे आले. त्यामुळे छत्तीसगडातील मराठी माणसाचा इतिहास १९५५ नंतर सुरू होतो, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी नागपूरच्या राजघराण्यातील एक पुत्र या प्रदेशात येऊन राहिला, जवळजवळ तीस वर्षे त्याने येथे राज्य केले आणि येथेच त्याचा अंत झाला. त्याचे नाव बिंबाजी भोसले. छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना मानाचे पान आहे. मराठी घरांत मात्र त्यांचे नाव क्वचितच निघते.

बिंबाजी हे नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष म्हणता येतील अशा पहिल्या रघूजींचे पुत्र. रघूजींच्या वडिलांचे नावही बिंबाजीच होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत या घराण्यानेही पाळली. बखरीतील कथेनुसार वाईजवळच्या पांडववाडीत रामभक्त रामाजीपंत कोल्हटकर यांच्या आशीर्वादाने रघूजींचा जन्म झाला, म्हणून मुलाला श्रीरामाचे नाव मिळाले. कथेतील चमत्काराचा भाग वाचकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा; पण रामाची उपासना या कुळात खोल रुजली होती, हे निश्चित. नागपूरजवळच्या रामटेकच्या मंदिराची व्यवस्था रघूजींनी लावली, आणि कोल्हटकर घराण्यातील भास्करराम हेच पुढे त्यांचे सर्वांत विश्वासू सेनापती झाले. पिता रघूजी धाडसी, महत्त्वाकांक्षी आणि सतत घोड्यावर असलेले. नागपूरच्या गोंड राजघराण्यातील वारसाच्या तंट्यात मध्यस्थ म्हणून ते आले आणि राज्यकर्ते होऊन बसले. गोंड राजाला नामधारी गादीवर ठेवण्याचे सौजन्य मात्र त्यांनी दाखविले. त्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या आणि १७५१ मध्ये ओरिसा प्रांत त्यांच्या हाती आला.

नागपूरहून ओरिसा-बंगालकडे जाणारी वाट छत्तीसगडातून जात होती. त्या वाटेवरील पहिला मोठा मुक्काम म्हणजे आपले दुर्ग. १७४१ मध्ये मराठ्यांनी दुर्गच्या मातीच्या किल्ल्यात तळ देऊन छत्तीसगड जिंकण्याची मोहीम चालविली. आपण रोज ज्या रस्त्याने ये-जा करतो, तो भाग त्या काळी छावणीच्या परिसरात असणार, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. रतनपूरला तेव्हा हैहयवंशी कलचुरींचे राज्य होते. हे घराणे कित्येक शतके तेथे नांदत होते. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरच्या शाखेचे अठरा गढ आणि दक्षिणेस रायपूरच्या शाखेचे अठरा गढ, अशी त्यांची जुनी विभागणी. दुर्ग आणि पाटण हे दक्षिणेकडील अठरांपैकी दोन गढ होत.

भास्कररामांची फौज रतनपूरसमोर आली तेव्हा राजा रघुनाथसिंह वृद्ध झाला होता. त्याचा पुत्र नुकताच वारला होता आणि त्या दुःखाने त्याचे राज्यकारभारातून मन उडाले होते. मराठ्यांच्या तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने पांढरे निशाण दाखवून युद्ध थांबविले, असे सांगतात. शहराकडून एक लाख रुपये दंड वसूल झाला आणि खजिन्यातील मोलाचे जे होते तेही गेले. पुत्रशोकात बुडालेल्या म्हाताऱ्या राजावर तोफा डागण्यात कसली मर्दुमकी होती, असा प्रश्न मला पडतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मित्राने जे सांगितले, ते येथपर्यंत खरेच होते. त्या मोहिमेपुरते तरी आपण ते नाकारू नये.

भास्करराम पुढे बंगालवर गेले आणि १७४४ मध्ये नबाब अलिवर्दी खानाने भेटीच्या निमित्ताने बोलावून त्यांचा घात केला. छत्तीसगडात मराठ्यांनी सुरुवातीस आपला माणूस बसविला नाही. हैहय घराण्यातील राजांनाच मांडलिक म्हणून ठेवले. रघुनाथसिंहानंतर रघूजींनी मोहनसिंह याला रतनपूरची गादी दिली. रायपूरच्या शाखेतील अमरसिंहाला १७५० मध्ये बाजूला करून रायपूर, राजीम आणि पाटण हे परगणे वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या बोलीवर देण्यात आले. तो १७५३ मध्ये वारला आणि तीही व्यवस्था संपली.

१७५५ च्या फेब्रुवारीत रघूजी निवर्तले. मागे चार औरस पुत्र होते आणि त्यांच्या माता दोन. वयाने थोरले जानोजी व त्यांचे सख्खे बंधू साबाजी हे धाकट्या राणीचे. मुधोजी आणि बिंबाजी हे थोरल्या राणीचे. वडील मुलगा तो वारस, की वडील राणीचा मुलगा तो वारस, हा वाद जुना आणि कधीच न सुटणारा. अनेक सुखवस्तू घरांच्या वाटण्यांत आजही तो वेगळ्या रूपाने डोकावतो. जानोजी आणि मुधोजी दोघांनीही पेशव्यांकडे धाव घेतली. अखेर जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद व नागपूरची गादी मिळाली. मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि चांद्याचा प्रदेश मिळाला. साबाजींच्या वाट्याला वऱ्हाडातील दारव्हा आला. सर्वांत शेवटी नाव येते बिंबाजींचे. त्यांना मिळाले छत्तीसगड.

हा वाटा कसा होता? नकाशावर प्रशस्त, पण नागपूरच्या दरबारी मंडळींच्या दृष्टीने वनवासच. मधे घनदाट अरण्ये, वर्षातून चार महिने वाटा बंद, वसूल तुटपुंजा आणि पुष्कळसा प्रदेश जमीनदारांच्या हाती. एखाद्या राजपुत्राने अशा वाट्याचा वसूल आपल्या माणसांकरवी नागपुरात बसून घेतला असता, तर कोणास नवल वाटले नसते. बिंबाजींनी तसे केले नाही. १७५८ मध्ये ते रतनपुरास आले आणि तेथेच राहिले. त्यांच्या साऱ्या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

ते आले त्याच सुमारास मोहनसिंह वारला आणि रतनपूरची गादी बिंबाजींकडे आली. शतकानुशतकांचे हैहय राज्य संपले. रायपूर शाखेच्या अमरसिंहाचा मुलगा शिवराजसिंह याच्याकडे आता काहीच उरले नव्हते. बिंबाजींनी त्याला बडगाव व आणखी काही गावे निर्वाहासाठी करमुक्त दिली, शिवाय रायपूरच्या इलाख्यातील प्रत्येक गावामागे एक रुपया घेण्याचा हक्क दिला. एका राजकुळाच्या वंशजाने गावोगावचा एकेक रुपया मोजत दिवस काढावेत, याला उदारता म्हणावे की उपकाराच्या वेषातील अपमान, हे ठरविणे कठीण आहे. मात्र त्या काळी पराभूतांना याहून वाईट वागणूक सर्रास मिळत असे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बिंबाजींनी रतनपूर आणि रायपूर या दोन्ही शाखांचा मुलूख एका कारभाराखाली आणला. शिवनाथेच्या दोन्ही तीरांवरील छत्तीस गढ एका हाती आले, आणि आज ज्याला आपण छत्तीसगड म्हणतो त्या प्रदेशाच्या एकत्वाची ती एक महत्त्वाची पायरी होती. नागपूरची सत्ता ते नावाला मानीत. पण त्यांचा दरबार, मंत्री आणि फौज स्वतंत्र होती. रतनपुरास नियमित न्यायसभा भरू लागली. कचेरीत मराठी भाषा आणि मोडी लिपी आली, उर्दूचाही वापर होऊ लागला. येथील जुन्या दप्तरांत मोडी कागद का सापडतात, असे पुष्कळ पालक विचारतात. त्याचे उत्तर या काळात आहे. राजनांदगाव आणि खुज्जी या दोन नव्या जमीनदाऱ्या त्यांच्याच वेळी निर्माण झाल्या. राजनांदगावच्या घराण्याचा मूळपुरुष प्रल्हाददास हा पंजाबातून शालींच्या व्यापारासाठी आलेला बैरागी. तो रतनपुरास स्थिरावला आणि त्याच्या गादीवरील महंतांचे पुढे संस्थान झाले. पंजाबचा बैरागी, नागपूरचा राजा आणि छत्तीसगढी प्रजा, अशी ही त्या वेळची रतनपूरनगरी. भिलाईच्या वसाहतीत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना असे मिश्रण मुळीच अपरिचित वाटणार नाही.

दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजींच्या दरबारातून रूढ झाली, असे येथील इतिहासलेखक सांगतात. आपण मराठी मंडळी दसऱ्याला आपट्याचे पान घेऊन शेजाऱ्यांकडे जातो तेव्हा ते आपल्यालाही सोनपत्ती देतात. ही चाल मूळची कोणाची, याचा आता कोणी विचारही करीत नाही.

रतनपुरातील टेकडीवर त्यांनी श्रीरामाचे मंदिर उभारले. नागपूरजवळच्या रामटेकची आठवण म्हणून त्या टेकडीला रामटेकरी म्हणू लागले. वडिलांनी रामटेकला जी सेवा केली, तिचेच प्रतिरूप मुलाने आपल्या नव्या गावी उभे केले. परमुलखात घर करणारा माणूस प्रथम आपला देव तेथे आणतो. भिलाईतही पहिल्या पिढीतील मराठी कुटुंबांनी गणपती बसवूनच सुरुवात केली होती. रतनपुरात खंडोबाचेही मंदिर आहे आणि ते बिंबाजींच्या राणीने बांधविले, असे मानले जाते. महामायेच्या प्राचीन क्षेत्री, हैहय राजांनी खोदविलेल्या तलावांच्या त्या नगरीत, जेजुरीचा खंडोबा असा येऊन बसला.

इकडे रतनपुरास घडी बसत असताना नागपूरच्या वाड्यात मात्र भाऊबंदकी पेटत होती. जानोजी कधी निजामाच्या, कधी पेशव्यांच्या बाजूने झुकत राहिले. अखेर १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने थोरल्या माधवरावांनी त्यांना वठणीवर आणले. त्यांना पुत्र नव्हता. मुधोजींचा मुलगा रघूजी याला त्यांनी वारस नेमले आणि १७७२ मध्ये ते वारले. लगेच साबाजी आणि मुधोजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी हत्तीवरून मुधोजींवर चालून आले आणि मुधोजींनी झाडलेल्या गोळीने ठार झाले. भावाच्या हातून भावाचा वध झाला. एका बापाचे चार मुलगे. त्यांतील दोघांची ही गत. चौथा त्या वेळी अरण्यापलीकडे, कोणाला फारसा न हव्या असलेल्या आपल्या वाट्यात राज्य करीत होता. दूरचा मुलूख मिळणे हे कधी कधी भाग्यही असते, असे म्हणावेसे वाटते.

बिंबाजींच्या कुटुंबाविषयी बोलताना राण्यांची नावे आदराने घेतली पाहिजेत. आनंदीबाई, उमाबाई आणि रमाबाई ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. नागपूरच्या वाड्यातून निघून, महिना-महिना निरोप न पोहोचणाऱ्या गावी या स्त्रियांनी संसार मांडला. इतिहासात त्यांच्यासाठी दोन-चार ओळींहून अधिक जागा नाही. त्या घरात पुत्र राहिला नाही. राजघराण्यात हे केवळ घरचे दुःख नसते. साऱ्या मुलखाचे भवितव्य त्यावर टांगलेले असते.

१७८७ च्या अखेरीस बिंबाजींचा मृत्यू झाला. उमाबाई त्यांच्या चितेवर सती गेल्या, असे सांगतात. एकोणतीस वर्षांपूर्वी परके म्हणून आलेल्या राजासाठी रतनपूरच्या प्रजेने शोक केला. पुढे १७९९ मध्ये कोलब्रुक हा इंग्रज वकील या मार्गाने नागपूरला गेला. बारा वर्षे उलटूनही बिंबाजींच्या राज्याविषयी लोकांच्या मनात असलेली आपुलकी त्याच्या नोंदींतून कळते. जिंकणाऱ्याच्या दरबाऱ्याने केलेल्या स्तुतीपेक्षा वाटेने जाणाऱ्या परक्याच्या कानी आलेले लोकमत मला अधिक विश्वसनीय वाटते.

बिंबाजींनंतर हा मुलूख मुधोजींचा मुलगा व्यंकोजी याच्याकडे आला. व्यंकोजींना मात्र रतनपुरास राहायचे नव्हते. दरबाराचे राजकारण, मोहिमा, मानमरातब सारे नागपुरात होते. त्यांनी तेथे राहून सुभेदारामार्फत कारभार करण्याचे ठरविले. येथे आनंदीबाई आडव्या आल्या. पतीने वसविलेली राजधानी एका पगारी सुभेदाराच्या हाती जावी, हे त्यांना मान्य नव्हते. विधवा, निपुत्रिक, माहेर-सासर दोन्ही दूर. तरीही त्यांनी पुतण्याशी वाद मांडला आणि अखेर तडजोड झाली. कारभार व्यंकोजींच्या नावाने चालावा, पण सुभेदाराने आनंदीबाईंच्या सल्ल्याने वागावे, असे ठरले. त्यानंतर पुढील काही वर्षे रतनपूरची खरी सत्ता त्यांच्याच हाती होती. मुलींच्या वर्गात मी ही हकीकत मुद्दाम सांगते. उमाबाई आणि आनंदीबाई एकाच घरातील, एकाच दुःखात सापडलेल्या दोन स्त्रिया. एकीचा शेवट चितेवर झाला आणि दुसरी पतीचे राज्य राखण्यासाठी उभी राहिली. मुली ते ऐकून बराच वेळ गप्प बसतात.

आनंदीबाईंनंतर सुभेदारांना आवर घालणारे कोणी उरले नाही. पहिले सुभेदार महिपतराव दिनकर. त्यांच्यामागून १७९० मध्ये आलेल्या विठ्ठलराव दिनकर यांनी गढांची जुनी रचना मोडून परगणे पाडले. प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडनवीस, आकारणीला बरारपांडे अशी उतरंड उभी केली. कागदावर ही व्यवस्था हैहयांच्या गढांपेक्षा नीटस होती. पण तिचा हेतू वसूल वाढवून नागपूरला पाठविणे हा होता. येथे गोळा होणारा पैसा येथे खर्च होईनासा झाला. राजा रतनपुरास राहत होता तोवर त्याचा दरबार, फौज, देवळे, सण यांवर होणारा खर्च याच मुलखातील विणकर, सोनार, शेतकरी यांच्या घरी परत जात असे. सुभेदारी आल्यावर तो ओघ आटला. व्यंकोजी येथे मोजक्याच वेळा आले. १८११ मध्ये काशीयात्रेला जाताना ते शेवटचे या वाटेने गेले आणि काशीतच वारले.

छत्तीसगडातील लोकांच्या मनात मराठ्यांच्या अंमलाची जी कडू आठवण आहे, तिचा मोठा भाग या सुभेदारी काळातील आहे, असे माझे मत आहे. बिंबाजींची आठवण आणि सुभेदारांची आठवण एकाच पोत्यात भरली गेल्यामुळे गोंधळ होतो. सातवीतल्या त्या मुलाला मी हे तेव्हाच सांगायला हवे होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला. १८१८ मध्ये त्यांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला हलविली. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला खरा, परंतु १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी नागपूरचे सारे राज्य खालसा झाले. राजधानी गेल्यावर रतनपूर हळूहळू ओस पडत गेले. कचेऱ्या गेल्या, व्यापारी गेले. तलाव, देवळे आणि किल्ल्याचे भग्न दरवाजे मागे उरले.

दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल आम्ही रतनपुरास नेली होती. बिलासपूरहून ते सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहे. महामायेचे दर्शन घेऊन, किल्ल्याचे गणेशद्वार पाहून, दुपारी आम्ही रामटेकरी चढलो. मंदिरात श्रीरामासमोर बिंबाजींचीही मूर्ती आहे. मुलांना मी सांगण्यापूर्वीच तेथे आलेल्या एका छत्तीसगढी आजीबाईंनी आपल्या नातवाला बोट दाखवून सांगितले, की हे आमचे राजे. आमच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मग एक मुलगी पुढे झाली आणि हे मराठी राजे होते, असे तिने आजींना छत्तीसगढीत समजावून सांगितले. आजी हसल्या, त्यांनी मान हलविली, पिशवीतून चिवडा काढला आणि सर्व मुलांना थोडा थोडा वाटला. खाली तलावाच्या काठी बस उभी होती. चार वाजून गेले होते, अंधार पडण्यापूर्वी बिलासपूर गाठायचे होते, म्हणून आम्ही उतरलो.